इंग्रजीतील ‘वाढ’ : कोणते क्रियापद कोठे?

(संस्थेच्या अभ्यासिकेतील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



संस्थेने आम्हांस ‘इंग्रजी सुधारण्याचे उपाय’ असा विषय दिला होता. विषय सागराएवढा आणि वेळ तासाभराचा. शिवाय आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आहोत. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन आम्ही विषय लहान करून घेतला. आमच्या टेबलावर रोज अर्ज येतात. त्यांपैकी पुष्कळ अर्जांत मागणी एकाच शब्दाची असते : वाढवून द्या. कर्ज वाढवून द्या, मुदत वाढवून द्या, मर्यादा वाढवून द्या. मराठीत या सर्वांना एक ‘वाढवणे’ पुरते. इंग्रजीत ते पुरत नाही. आणि ज्यांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते, ते सर्वत्र ‘इन्क्रीज’ लिहून मोकळे होतात. शाळेत त्याने फार तर अर्धा गुण जातो. शाळेबाहेर काय जाते ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शाखेत एका भगिनीचा अर्ज आला. शिलाई यंत्रासाठी तिने कर्ज घेतले होते, घरात आजारपण निघाले, आणि तिला हप्ते फेडण्यास आणखी सहा महिने हवे होते. वस्तीतील एका शिकलेल्या मुलाने तिला इंग्रजीत अर्ज लिहून दिला. मुलगा चांगल्या मनाचा, अक्षरही सुंदर. त्याने लिहिले, ‘प्लीज इन्क्रीज माय लोन.’ साहेबांनी त्याचा अर्थ घेतला तो त्या शब्दांचाच : बाईंना जादा रक्कम हवी आहे. मग उत्पन्नाचा दाखला आणा, दुसरा जामीनदार आणा, असे सुरू झाले. तीन आठवडे ती कागद जमवीत फिरली. तोवर दोन हप्ते थकले आणि वर दंडही लागला. तिला हवे होते ते ‘एक्स्टेंड’. कर्जाची रक्कम नको होती, परतफेडीची मुदत हवी होती. येथे आवर्जून सांगतो की असा अर्ज मराठीत लिहिण्यास कसलीही आडकाठी नाही. सर्वसामान्य ग्राहकांसाठीचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि त्या त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत ठेवावेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. इंग्रजीत लिहिले म्हणजे अर्जाला वजन येते, ही आपल्या वस्त्यांतील समजूत आम्हांला पटत नाही. परंतु बँकेकडून येणारी पत्रे, करार आणि मोबाइलवरचे संदेश बहुधा इंग्रजीतच येतात. ते तरी आपणास समजले पाहिजेत ना?

आता ‘इंग्रजांना एका वाढीसाठी इतके शब्द कशाला?’ असे म्हणण्यापूर्वी आपल्याच घरात डोकावू. आई भाकरी वाढते, पीक वाढते, महागाई वाढते. देवळात नारळ ‘वाढवतात’, म्हणजे फोडतात. बांगडी फुटली तर घरातली म्हातारी माणसे ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. अशुभ शब्द तोंडावाटे जाऊ नये म्हणून. हिंदीत तर ‘दुकान बढ़ाना’ म्हणजे दुकान बंद करणे! हा शब्द संस्कृतातील ‘वर्धते’ आणि पालीतील ‘वड्ढति’ यांच्या कुळातला. पालीतही ‘वड्ढेति’ हे रूप भात पानात वाढण्यासाठी येते, हे आपल्यापैकी पाली शिकणाऱ्यांनी पाहिलेच असेल. तात्पर्य, आपण एकाच शब्दावर दहा कामे लादली आणि कोणते काम ते संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीने कामे वाटून दिली. ‘नारळ वाढवला’ याचे कुणी ‘इन्क्रीज्ड द कोकोनट’ केले तर आपण हसू. पण ‘मुदत वाढवा’चे ‘इन्क्रीज द डेट’ केले तर इंग्रजी जाणणाराही तसाच हसतो.

पहिली अडचण ‘राइज’ आणि ‘रेज’ यांची. ही जोडी स्पर्धा परीक्षांत हमखास विचारतात. मराठी माणसाला ती अवघड वाटण्याचे खरे म्हणजे काही कारण नाही, कारण आपल्याकडे वाढणे-वाढवणे, चढणे-चढवणे, उठणे-उठवणे अशा जोड्याच जोड्या आहेत. आपोआप होते ते ‘राइज’ : भाव चढतात, सूर्य वर येतो. कुणीतरी करते ते ‘रेज’ : बँक दर चढवते, विद्यार्थी हात वर करतो. म्हणून ‘रेज’ला नेहमी कर्म लागते, ‘राइज’ला लागत नाही. ‘राइज’ची रूपे वाकडी, राइज-रोझ-रिझन, ‘रेज’ची सरळ, रेज-रेज्ड-रेज्ड. ‘द प्राइस रेज्ड’ हे चूक आणि ‘द गव्हर्नमेंट रोझ द प्राइस’ हेही चूक. मजा अशी की पगारवाढीला ब्रिटिश माणूस ‘राइज’ म्हणतो आणि अमेरिकी माणूस ‘रेज’. दोन्ही नामे आहेत, दोन्ही बरोबर.

‘इन्क्रीज’ आणि ‘एक्स्पांड’ यांना मात्र हा भेद नाही. किंमत इन्क्रीज होते आणि दुकानदार किंमत इन्क्रीज करतो. ‘ग्रो’चे प्रकरण मधलेच. मूल वाढते, झाड वाढते, तेथे कर्म नाही. शेतकरी कांदा ‘ग्रो’ करतो, तेथे आहे. परंतु ‘आम्ही धंदा ग्रो केला’ हा प्रयोग अमेरिकेत १९९०च्या दशकात फार बोकाळला आणि जुन्या वळणाच्या शिक्षकांनी त्याला नाक मुरडले. आज कंपन्यांत तो सर्रास चालतो. आमचे मत विचाराल तर मुलाखतीत चालेल, परीक्षेच्या पेपरात टाळा. आणि एक छोटी गोष्ट उच्चाराची : ‘इन्क्रीज’ हे नाम असेल तर जोर पहिल्या ‘इन्’वर, क्रियापद असेल तर ‘क्रीज’वर.

या ‘इन्क्रीज’च्या पोटात लॅटिनचा ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणे हा धातू आहे. त्याच धातूपासून ‘क्रेसेंट’, म्हणजे वाढती चंद्रकोर. नोकरदार मंडळी ज्याची वर्षभर वाट पाहतात ते ‘इन्क्रिमेंट’ही तेथलेच. बँकेतला ‘अ‍ॅक्रू’ हा शब्दसुद्धा याच घराण्यातला, फ्रेंचमधून फिरून आलेला. व्याज ‘अ‍ॅक्रू’ होते, म्हणजे दिवसागणिक चढत जाते, मग ते हातात पडो न पडो. ठेवीच्या पावतीवर ‘अ‍ॅक्रूड इंटरेस्ट’ दिसले तर ते झालेले पण अद्याप न दिलेले व्याज समजावे. दुसरा धातू ‘ऑगेरे’. त्याचा ‘ऑग्मेंट’ झाला. हे क्रियापद जरा भारदस्त, असलेल्या साठ्यात भर घालण्याचे. पाणीपुरवठा ऑग्मेंट करतात, उत्पन्न ऑग्मेंट करतात. लिलावाला ‘ऑक्शन’ म्हणतात तोही येथूनच, कारण लिलावात बोली चढत जाते. भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते आपल्या ‘ओजस्’शी, म्हणजेच पालीतल्या ‘ओजा’शी जोडतात. इंग्रजीत त्याचाच एक गावरान भाऊ होता, ‘ईक’. आज तो ‘ईक आउट’ यात तेवढा उरला आहे, तुटपुंजे उत्पन्न ताणून पुरवण्याच्या अर्थी. जोडीचे नाव ते ‘ईक-नेम’, आणि ‘अॅन ईक-नेम’ भरभर म्हणता म्हणता त्याचे ‘निकनेम’ झाले. ही व्युत्पत्ती पाठ करण्यासाठी सांगत नाही. मूळ कळले की शब्द डोक्यात टिकतो, हा आमचा अनुभव आहे.

तर मग ‘वाढ’ कोणत्या अंगाने झाली हे इंग्रजी कसे सांगते? ‘एक्स्टेंड’मध्ये ताणणे आहे. दोरी ताणावी तशी रस्ता, हात, रजा, मुदत पुढे नेली जाते. ‘एक्स्पांड’मध्ये पसरणे आहे : तापलेले लोखंड एक्स्पांड होते, धंदा चार गावांत एक्स्पांड होतो. ‘एन्लार्ज’ म्हणजे आहे त्या वस्तूचा आकार मोठा करणे. फोटो एन्लार्ज करतात, आणि डॉक्टरांच्या रिपोर्टात यकृत ‘एन्लार्ज्ड’ असते. ‘मॅग्निफाय’ केले तर वस्तू तेवढीच राहते, भिंगातून मोठी दिसते एवढेच. आवाज वाढवायचा तर ‘अ‍ॅम्प्लिफाय’; लाउडस्पीकरवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या प्रत्येक जयंतीला असतोच. संख्या वाढली, एकाचे अनेक झाले, तर ‘मल्टिप्लाय’. ‘प्रोलाँग’ हा वेळेपुरता, आणि बहुधा नकोशा गोष्टीला लागतो : आजार प्रोलाँग होतो, संप प्रोलाँग होतो. साहेबांकडे रजा मागताना ‘प्रोलाँग’ लिहू नये, ‘एक्स्टेंड’ लिहावे.

मग येते ‘-अन’ प्रत्ययाची फौज. वाइडपासून वायडन, ब्रॉडपासून ब्रॉडन, डीपपासून डीपन. हे ऐकून विद्यार्थी ‘लाँगन’, ‘स्ट्राँगन’, ‘हायन’ करू लागतात. तसे होत नाही. तेथे प्रत्यय नामाला लागतो : लेंग्थन, स्ट्रेंग्थन, हाइटन. आणि ‘बिग’ला तर नेहमीच्या वापरातले क्रियापदच नाही! १९९६ साली ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत गमतीने ‘एम्बिगन’ असा शब्द वापरला गेला आणि २०१८ मध्ये मेरियम-वेबस्टर या कोशाने तो दाखलही करून घेतला. आपण मात्र अर्जात तो वापरू नये.

सर्वांत घोटाळ्याचा शब्द ‘एन्हान्स’. मुळात त्याचा अर्थ ‘उंच करणे’. ‘अ‍ॅल्टिट्यूड’मध्ये जो उंचीचा धातू आहे तोच यात आहे. आजच्या सर्वसाधारण इंग्रजीत एन्हान्स म्हणजे गुण, सौंदर्य, मोल वाढवणे : चव एन्हान्स करणे, कौशल्य एन्हान्स करणे. परंतु आपल्या कचेऱ्यांत आणि न्यायालयांत तो शब्द सरळ आकडा वाढवण्यासाठी वापरतात. कॅश क्रेडिटची मर्यादा ‘एन्हान्स’ करतात. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेलेल्यांना न्यायालयातून जो वाढीव मोबदला मिळतो, त्याला ‘एन्हान्स्ड कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या कित्येक घरांत हा इंग्रजी शब्द अक्षरओळख नसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. शिक्षाही एन्हान्स होते! तेव्हा कागदावर ‘एन्हान्स’ दिसले की चांगलेच काही घडले असे समजून पेढे वाटू नयेत. काय एन्हान्स झाले ते आधी वाचावे.

वाढ नेहमी चांगली नसते, हेही इंग्रजी क्रियापदातच सांगून ठेवते. ‘अ‍ॅग्रव्हेट’मध्ये जडपणा आहे, दुखणे, तंटा, संकट आणखी जड होते ते अ‍ॅग्रव्हेट. (‘त्याने मला अ‍ॅग्रव्हेट केले’, म्हणजे चिडवले, हे बोलण्यात चालते, लेखी टाळावे.) ‘इन्फ्लेट’मध्ये फुंकणे आहे, फुगा फुगवल्यासारखे, बिलही इन्फ्लेट करतात आणि महागाईला ‘इन्फ्लेशन’ म्हणतात. ‘एक्झॅजरेट’चे मूळ ‘ढीग रचणे’, म्हणजे आपला राईचा पर्वत. ‘एस्कलेट’ची कथा तर उलटी आहे. आधी ‘एस्कलेटर’ म्हणजे सरकता जिना आला. तो एका कंपनीच्या मालकीचा व्यापारी शब्द होता, आणि ती मालकी अमेरिकेत १९५० साली रद्द झाली. त्या नामावरून मागाहून ‘एस्कलेट’ हे क्रियापद घडले. भांडण किंवा युद्ध पायरी-पायरीने चढत जाते ते एस्कलेट होते. बांधकामाच्या करारात ‘एस्कलेशन’चे कलम असते, सामानाचे भाव चढले तर ठरलेली किंमत चढणार की नाही ते सांगणारे. इमारतीच्या पुनर्विकासाची कागदपत्रे ज्यांच्या हाती येतील त्यांनी तो शब्द शोधून काढावा.

आता जे आम्हांस मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. पुढे २०२५ मध्ये तो उतरू लागला, पण मधल्या काळात बदलत्या दराची घरकर्जे महाग झाली. पुष्कळांचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. लोक खूश झाले, ‘आमचा हप्ता वाढला नाही’ म्हणून. प्रत्यक्षात हप्त्याऐवजी मुदत वाढली होती, आणि तसा एखाद्या ओळीचा इंग्रजी संदेश मोबाइलवर येऊन गेला असला तरी किती जणांनी तो वाचून उलगडला? अखेर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. दर बदलताना कर्जदाराला पर्याय द्यावा असे त्यात आहे : हप्त्याचे ‘एन्हान्समेंट’, मुदतीचे ‘इलाँगेशन’, किंवा दोहोंचा मेळ. मराठीत दोन्ही ‘वाढ’च. या दोन वाढींतला फरक आपण आकड्यांत पाहू.

समजा, १० लाखांचे कर्ज, ७ टक्के दर, २० वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ७,७५३ रुपये. कर्ज घेतल्याबरोबर दर साडेआठ टक्के झाला असे धरू. हप्ता ‘एन्हान्स’ केला तर तो सुमारे ८,६७८ होतो, म्हणजे महिना सव्वानऊशे रुपये जास्त, आणि कर्ज २० वर्षांतच फिटते. एकूण भरणा होतो २० लाख ८३ हजारांच्या आसपास. हप्ता तोच ठेवून मुदत ‘इलाँगेट’ केली तर कर्ज फिटायला जवळजवळ २९ वर्षे लागतात आणि एकूण भरणा २६ लाख ९० हजारांच्या घरात जातो. सहा लाखांहून अधिक फरक. आणि दर साडेनऊ झाला तर? पहिल्याच महिन्याचे व्याज ७,९१७ रुपये, हप्ता ७,७५३. व्याजसुद्धा भागत नाही. माणूस दरमहा हप्ता भरतो आहे आणि मुद्दल खाली येण्याऐवजी वर चढते आहे. असे होऊ नये, अशी दक्षता घेण्यासही त्याच परिपत्रकाने बँकांना बजावले आहे. मुदत वाढवणे सदैव वाईट, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. घरात कमावता एकच असेल, महिन्याचे नऊशे रुपये खरोखरच जड असतील, तर तोच मार्ग बरा. परंतु ‘टेनर’च्या पुढे ‘इलाँगेटेड’ किंवा ‘एक्स्टेंडेड’ आहे, की ‘इएमआय’च्या पुढे ‘एन्हान्स्ड’ आहे, हे वाचता आल्यावाचून निवड कुणाची झाली? सही आपली असते. निवडही आपली असावी.

एक शेवटची बारीक गोष्ट राहिली, ती क्रियापदाच्या मागे येणाऱ्या दोन टीचभर शब्दांची, ‘बाय’ आणि ‘टू’. ‘इन्क्रीज्ड बाय टू थाउजंड’ म्हणजे दोन हजारांनी वाढले. ‘इन्क्रीज्ड टू टू थाउजंड’ म्हणजे वाढून दोन हजारांवर गेले. पगाराच्या पत्रात यातले कोणते आहे ते पाहूनच घरी बातमी सांगावी. तसेच टक्क्यांचे. दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तर तो अडीच टक्क्यांनी वाढला असे आपण म्हणतो. हिशेबाच्या भाषेत ही वाढ अडीच ‘पर्सेंटेज पॉइंट’ आहे; टक्केवारीने पाहिली तर साडेबासष्ट ‘पर्सेंट’ आहे. बँकवाले म्हणतील अडीचशे ‘बेसिस पॉइंट’. तिन्ही खरे, आणि वर्तमानपत्राला ज्या दिवशी जो आकडा शोभेल तो मथळ्यात येतो.

अभ्यासिकेच्या फळ्यावर आम्ही बारा मराठी वाक्ये लिहून ठेवली आहेत. प्रत्येकात ‘वाढ’ आहे आणि ‘इन्क्रीज’ वापरण्यास मनाई आहे. क्रियापद एकटे लिहू नये, त्याच्यासोबत ते ज्याला लागते ती वस्तूही लिहावी : व्याज आणि अ‍ॅक्रू, मर्यादा आणि एन्हान्स, रजा आणि एक्स्टेंड, असे. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही बसावे. सातव्या वाक्यात नारळ आहे, तेथे जरा सांभाळून.